दारावरचा शब्द

डॉक्टरांनी छोटा गोल आरसा स्पिरिटच्या दिव्यावर धरला, स्वतःच्या मनगटाला लावून फार तापला नाही ना ते पाहिलं, आणि मग माझी जीभ फडक्यात पकडून बाहेर ओढली. ज्या जिभेने मी अर्ध्या दारव्ह्याला वर्षानुवर्षं तंबूकडे ओढत नेलं, ती जीभच कोणी अशी ओढेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

माझा धंदा आवाजाचा. पावसाळा सरला की दारव्ह्याला टुरिंग टॉकीजचा तंबू लागायचा आणि मी टांग्यात उभा राहून, पत्र्याचा भोंगा तोंडाला लावून, खेळाची जाहिरात करत फिरायचो. गावात मला किसन कमी आणि भोंगेवाला जास्त म्हणत. तलवारबाजी असली की मी टांग्यातच तलवार चालवायचो, रडका खेळ असला की असा गळा काढायचो की बायका पदर डोळ्याला लावून संध्याकाळी तिकिटाच्या खिडकीशी उभ्या. कधीकधी खेळापेक्षा माझीच जाहिरात बरी असे, असं लोक म्हणत. मीही तेच म्हणायचो.

त्या हंगामात आवाज घोगरा झाला आणि तसाच राहिला. खोकला होताच. बिडीचा खोकला, धुळीचा खोकला, अशी त्याला मी रोज नवी नावं देत होतो. मग एकदा रुमालावर लाल ठिपका पडला. मी रुमालाची ती बाजू आत दुमडली, पुन्हा दुमडली आणि खिशात ठेवला. हे दुमडणं लक्षात ठेवा. पुढे ते मला पुन्हा दिसणार आहे.

माझी बायको गिरजा हिने मला यवतमाळला आणलं. डॉक्टरांनी आरसा ट्रेमध्ये ठेवला आणि म्हणाले, "छातीत क्षय आहे. तो आता घशापर्यंत पोचलाय. आजपासून बोलणं बंद."

"म्हणजे कमी बोलाचं?" मी विचारलं.

"बंद. कुजबुजसुद्धा नाही, तिने घशाला जास्तच ताण पडतो. सुया देऊ, औषधं देऊ. पण बोललात तर जखमा भरणार नाहीत, आणि आवाज कायमचा जाईल."

"आन नाई बोलले त?" गिरजाने विचारलं.

"तर कदाचित राहील."

पडद्यावरच्या कोर्टात न्यायाधीश हातोडा आपटतो. आमच्या डॉक्टरांनी नुसती हात धुवायला तोटी सोडली. त्या पाण्याच्या आवाजात मी माझा शेवटचा डायलॉग शोधत होतो. काही चांगलं सुचेना. "बरं जी," एवढंच म्हणालो, आणि त्यानंतर माझं तोंड मिटलं.

आमच्या घराची रीत

पुढचं समजायला आमच्या घराची एक रीत सांगावी लागेल.

छप्पन साली आम्ही बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. दारावर गेरूने काढलेली 'शुभ लाभ'ची जुनी अक्षरं माझ्या मायने स्वतः चुना लावून झाकली. चुना वाळला, पण तिथे काहीतरी राहून गेल्यासारखं दिसायला लागलं. माय अंगणात उभी राहून त्या कोऱ्या जागेकडे बघत राहिली आणि म्हणाली, "किसना, हितं काईतरी लिव. पन मागणं नाई लिवाचं. आपुन सालभर काय करू, ते लिवाचं."

तेव्हापासून आमचं नवं साल दीक्षेच्या दिवसाला, म्हणजे दसऱ्याला सुरू होतं. भिंती पांढऱ्या करायच्या, घरातल्या सगळ्यांनी मिळून एक शब्द ठरवायचा, आणि मी तो निळीने दारावर लिहायचा. पहिला शब्द होता 'विहीर'. त्या साली वस्तीने आपली विहीर खोदली, आणि मायने पहिल्या दिवसापासून माती उचलली. मग 'शाळा' आला, आणि माझी मुलगी सुमन शाळेत गेली. एका साली मायने 'चप्पल' लिहायला लावलं. येणारेजाणारे हसले. पण त्या सालभर आमच्या घरातलं कोणी गावाच्या मधल्या रस्त्याने अनवाणी गेलं नाही. मायचे अंगठे सोलून निघाले, तरी नाही.

कायदा एकच. शब्द घराचा असतो, एकट्याचा नाही. तो सगळ्यांनी पाळायचा. मायला वाचता येत नसे, पण कायदा तिने केला होता आणि तिच्याइतका कडक कोणी पाळत नसे.

वॉर्ड

क्षयाच्या वॉर्डात सकाळ थर्मामीटरने उजाडते. मग सुई, मग ती कडू पूड, जी पाण्यात ढवळली तरी आपला कडूपणा सोडत नाही. झाकणाची थुंकीची डबी उशाशी. दुपारी सक्तीची विश्रांती, आणि सक्ती असली की झोप कधी येत नाही. सुयांनी कानात रातकिडे ओरडायला लागले. आवाज गेला, आता कानही जातात की काय, या भीतीने मी दिवसभर स्वतःच्या कानाजवळ चुटक्या वाजवून बघायचो.

माझ्याजवळ सुमनची पाटी होती आणि पेन्सिल. ज्याला एक वाक्य सांगायला दहा वाक्यं लागतात, त्या माणसाला पाटी दिली तर काय होतं? वाक्य अर्ध्यावर येईपर्यंत समोरचा उठून गेलेला असतो.

शेजारच्या खाटेवर मुकुटबनकडचे देवराव होते, कापसाचे शेतकरी. पहिले काही दिवस त्यांनी आपला पाण्याचा गडवा माझ्यापासून लांब ठेवला. मग लक्षात आलं की क्षयाने आम्हा दोघांचेही गडवे साऱ्या जगापासून लांब ठेवले आहेत, आणि तो विषय मिटला.

देवराव गोष्टी सांगत. इतका वाईट गोष्ट सांगणारा माणूस मी जन्मात पाहिला नाही. त्यांचा बैल बाजारातून हरवला होता, एवढीच गोष्ट. पण बैलापर्यंत यायला ते त्याच्या आईपासून निघत, आईवरून ती ज्या सासऱ्याकडून आली त्या सासऱ्यावर जात, सासऱ्यावरून त्यांच्या मोतीबिंदूवर. आणि गोष्ट सांगणाऱ्याला हुंकारा लागतो. ऐकणाऱ्याने मधेमधे 'हूं' म्हटलं नाही तर सांगणारा पुढे जात नाही, हा आमच्याकडचा नियम. मला तर हूंही बंद.

"काहून जी भोंगेवाले, झोपले का?" देवराव विचारत.

मग मी चमच्याने खाटेच्या लोखंडी दांडीवर ठोकायचो. टण.

"हां. त मी काय सांगून राह्यलो होतो, सासऱ्याच्या डोयात..."

टण.

आतून मी जळत होतो. हीच गोष्ट माझ्या हाती असती तर बैल असा हरवला असता की सारा वॉर्ड उठून शोधायला निघाला असता! मी पाटीवर लिहिलं, 'बैल कधी हरवतो?' देवरावांनी वाचलं आणि म्हणाले, "थांबा ना जी, अजून तो जन्मला कुठं?"

हे हसण्यासारखं आहे, आणि मी हसायचोही, बिनआवाजाचा, खांदे हलवून. पण दुपारी सगळे निजले की मी घशावर बोटं ठेवून पडून राहायचो. आत आहे का अजून? की गेला? बघायचा एकच मार्ग होता, आणि तोच बंद होता.

दसरा

दसऱ्याच्या आधी माय आणि गिरजा दोघी वॉर्डात आल्या. शब्द ठरायचा होता, आणि दोघींचं वाटेतच भांडण झालेलं दिसत होतं.

"म्या म्हनलं, 'आवाज' लिवा," माय म्हणाली. "याच्यात सोचाचं काय हाय?"

मी जोरात मान हलवली. मलाही तेच हवं होतं. विहीर लिहिली, विहीर झाली. शाळा लिहिली, शाळा झाली. तर्क माझ्या बाजूने होता.

गिरजा खाटेच्या पायथ्याशी उभी होती. हळू बोलणारी बाई, पण मागे न हटणारी. सासूला ती मामी म्हणे. "मामी, ते मागणं झालं. विहीर आपुन खोदली. आवाज कोन खोदणार हाय? कायदा तुमचाच होय ना? मागतच राह्याचं होतं त जुनं काय वाईट होतं?"

मायने हात खाली सोडले. तिच्याच शब्दात कोणी तिला धरलं की ती अशीच नमायची.

"मंग काय लिवाचं म्हंतेस?"

"हे काय करून राह्यले ते लिवाचं." गिरजाने माझ्याकडे बघितलं. "दिवसभर तोंड मिटून पडले हायत. हे काम नोहे का? आपल्या घरात याच्याहून भारी काम आजवर कोनं केलं नाई. यांच्यासाठी त नाईच."

देवराव खो खो हसले. मला राग यायला हवा होता, पण इतकी नेमकी तारीफ मला टांग्यावरसुद्धा कोणी दिली नव्हती. मी पाटी ओढली, मोठ्या अक्षरात 'गप्प' लिहिलं, आणि पडदा उघडल्यासारखी पाटी डोक्यावर उंच धरली. वॉर्डाने टाळ्या वाजवल्या.

सुमनने घरी निळीने तो शब्द दारावर लिहिला. मी न लिहिलेला तो पहिला शब्द.

घर गप्प झालं

त्यानंतरच्या भेटीला माय आली, खाली बसली आणि काही बोललीच नाही. गिरजा डॉक्टरांशी कामापुरतं बोलली. सुमन आईला चिकटून उभी. मी पाटीवर विचारलं, 'काय झालं?' गिरजा कानाशी वाकून म्हणाली, "मामीनं कायदा लावला. घरात जरुरीपुरतंच बोलाचं. शेजारीण परवा विचारून गेली, कोनी वारलं का म्हनून."

मला हसू आलं, पण ते टिकलं नाही. माझ्यासाठी एक अख्खं घर मुकं झालं होतं. दर भेटीला त्या तिघी येत, आणि आम्ही चौघं एकमेकांकडे बघत बसायचो. देवरावांना ते सहन होईना. "हे काय जी, मयताले बसल्यावानी! बुढीमाय, बोल ना काई!" माय ओठांवर बोट ठेवायची.

पऱ्हाटी फुटली, कापसाची वेचणी सुरू झाली. गिरजा मजुरीला जायची, त्यामुळे भेटी कमी झाल्या. प्रत्येक भेटीत मायचं लुगडं तिला थोडं मोठं होत चाललेलं दिसे. मी पाटीवर 'जेवत नाही का ही?' लिहिलं की गिरजा म्हणे, "विचारते मी. मान हालवते नुसती." आणि माय पदर तोंडावर धरून बसे. गप्प राहायची तिची ती तऱ्हा असेल, असं आम्ही समजलो. सगळ्यांनीच समजलो.

एके दिवशी माय एकटी आली. सकाळची वेळ होती, सुया नुकत्याच झाल्या होत्या. ती खाटेजवळ बसली, तिचे खांदे एकदा हलले, दोनदा हलले, आवाज मात्र काही नाही. मग तिने पदर तोंडावरून काढला, त्याचं टोक बघितलं, आत दुमडलं, पुन्हा दुमडलं आणि कमरेला खोचलं.

तेच दुमडणं.

मी पाटी घेतली. पेन्सिल इतकी दाबली की ती मोडली. 'पदर दाखव' लिहिलं आणि तिच्यापुढे धरलं. पाटी वाचता येत नाही हे तिला सोयीचं झालं. तिने खिडकीबाहेर बघितलं. मी चमच्याने दांडी ठोकली. टण, टण, टण! तिने ओठांवर बोट ठेवलं आणि उठायला लागली.

ती दाराकडे निघाली. दारातून गेली की पुढची भेट केव्हा, कोणाला माहीत. मी उठून बसलो. छाती भरून घेतली. टांग्यात उभं राहताना घ्यायचो तसाच तो श्वास होता. पोट आत गेलं, मान वर झाली, घसा आपोआप उघडला. इतक्या महिन्यांची सगळी शांतता एका हाकेसाठी तयार होऊन उभी होती.

एक खरखरीत हात माझ्या तोंडावर आदळला.

"खबरदार!" देवराव ओरडले. ते खाटेवरून कधी उठले मला कळलंच नाही. "खबरदार भोंगेवाले, तोंड उघडाल त! आना ती पाटी इकडे. मी कायले हाय?"

त्यांनी पाटी घेतली आणि पहिल्यांदाच, मधे कुठेही न वळता, जे होतं तेवढंच सांगितलं.

"बुढीमाय, थांब. तुया पोरगा म्हनते, पदर दाखव."

माय थांबली. तिने माझ्याकडे बघितलं, माझ्या तोंडावरच्या देवरावांच्या हाताकडे बघितलं. मग कमरेचा पदर काढला. वाळलेले डाग होते, आणि एक ओला.

"कधीपासून व माय?" देवरावांनी विचारलं.

तिने तो ओला डाग मुठीत झाकला. मग इतक्या दिवसांत न वापरलेल्या आवाजात म्हणाली, "दसऱ्याच्या मांगूनच."

"मंग सांगितलं काहून नाई कोनाले?"

"दारावर गप्प लिवलं हाय ना बापू. पोरगा गप्प बसून बरा होऊन राह्यला. म्या तोंड उघडलं, रीत मोडली, आन याचा आवाज गेला त? म्हनून खोकला बी पदरात दाबून धरला."

आम्ही मागणं सोडलं होतं, पण तिच्या पोटात ते राहिलंच होतं. तिच्या हिशोबाने तिचं बोलणं आणि माझा घसा एकाच दोरीला बांधलेले होते. आम्ही दिलेला शब्द तिने पाळला, इतका पाळला की जीव द्यायला निघाली.

मी पाटी परत घेतली. उरलेल्या पेन्सिलीच्या तुकड्याने लिहिलं, 'तिला सांगा, शब्द पुसला.' देवरावांनी वाचून दाखवलं.

"असा मधातच कसा पुसाचा? साल नाई झालं अजून," माय म्हणाली.

'मी पुसला. डॉक्टरांना बोलवा.'

त्या दिवशी मायला बाईमाणसांच्या वॉर्डात खाट मिळाली. गिरजाला निरोप गेला आणि तिने ऐन वेचणीत, ना सण ना वार, चुना कालवून दारावरची अक्षरं झाकली. सुमनने मला सांगितलं की आई चुना मारताना रडत होती आणि मोठमोठ्याने काहीबाही बोलत होती, भिंतीशीच.

अंगणापलीकडून

मायचं काय होणार हे बरेच दिवस कोणी सांगेना. डॉक्टर म्हणाले, "आणखी थोडे महिने असेच गेले असते तर माझ्या हातात काही राहिलं नसतं. आता बघू." मी पुन्हा एका 'कदाचित'वर येऊन बसलो, आणि हा पहिल्यापेक्षा जड होता. माझ्या आवाजाचं मला आठवेनासंच झालं. व्हरांड्यात येऊन मी अंगणापलीकडच्या खिडक्या मोजायचो.

मग एका सकाळी पलीकडून आवाज आला. माय एका बाईला दमात घेत होती, "हे कडू हाय म्हनून थुंकतेस? कडू काय असते ते मले विचार!" त्यानंतर ती थांबलीच नाही. विहिरीची गोष्ट, चपलांची गोष्ट, माझ्या लहानपणीच्या चोऱ्या, सगळं साऱ्या बायकांना कळलं. तिच्या गोष्टींना तिकडून बायकांचा हुंकारा यायचा आणि इकडून मी दांडीवर चमचा वाजवायचो. तिला तो ऐकू जात असेल की नाही, मला माहीत नाही. मी वाजवायचो.

आरसा

पुन्हा तोच दिवा, तोच आरसा, तेच फडकं. डॉक्टरांनी इतका वेळ बघितलं की माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"भरल्यात जखमा," ते म्हणाले. "बोला. हळू, एकच वाक्य."

दारात देवराव उभे होते, त्यांच्यामागे वॉर्डातले चारदोन जण, आणि गिरजा. मी या क्षणासाठी महिनोन् महिने भाषण तयार केलं होतं. त्यात एक आरोळी होती, एक उसासा होता, शेवटी टाळ्यांसाठी जागा सोडली होती. तोंड उघडलं आणि सगळं पळालं.

"देवराव," मी म्हणालो, "बैल सापडला का हो?"

आवाज माझा नव्हता. जाड कागद फाडावा तसा, बारका, फुटका. पण होता. गिरजाने तोंडावर पदर घेतला.

"कोनता बैल?" देवराव म्हणाले, आणि डोळे पुसायला वळले.

आता

भोंगा परत तोंडाला लावता आला नाही. त्याचं दुःख झालं नाही असं म्हणणार नाही. टांग्यात आता दुसरा माणूस असतो, आणि तो तलवार फार वाईट चालवतो. मी तंबूच्या दाराशी तिकिटं फाडतो. गोष्टी अजून सांगतो, पण ऐकायला लोकांना जवळ सरकून बसावं लागतं. हे बरं आहे. लांबून टाळ्या मिळतात, जवळून हुंकारा मिळतो.

माय घरी आली. तिला अजून दम लागतो, पायरी चढताना थांबते. आल्यावर दसरा आला, भिंती पांढऱ्या झाल्या, आणि शब्दासाठी आम्ही बसलो. गिरजा काही बोलायच्या आधीच माय म्हणाली, "सांग."

"काय सांगू?" मी विचारलं.

"अरे, तेच लिव. 'सांग'."

मी लिहिलं, निळीने, हातभर. त्या सालात आमच्या घरात फार गडबड झाली. सुमनने फुटलेल्या माठाबद्दल सांगितलं, गिरजाने माझ्या गोष्टींतल्या कोणत्या गोष्टी तिला पहिल्यापासून कंटाळवाण्या वाटतात ते सांगितलं, आणि ती यादी मला वाटलं होतं त्याहून लांब निघाली. मी रुमाल दुमडला होता तेही सांगून टाकलं.

तुमच्या घरात कोणी खोकत असेल, रुमाल दुमडत असेल, तर हे वाचून ठेवून देऊ नका. आजार लपवून घराला वाचवतो असं आजाऱ्याला वाटतं. मलाही वाटलं होतं, मायलाही. सुया आहेत, औषधं आहेत, कडू आहेत, पण आहेत. फक्त आधी तोंड उघडावं लागतं.

पुढचा दसरा आला तेव्हा नवा शब्द ठरवायला माय तयार झाली नाही. त्याच्या पुढच्या दसऱ्यालाही नाही. मी दरसाल चुना मारतो तो त्या अक्षरांच्या कडेकडेने. आणि घरात कोणी खोकलं, पाहुणा असो की शेजारी, तर माय काही विचारत नाही. तिला अजून वाचता येत नाही. पण कुठे काय लिहिलंय ते तिला ठाऊक आहे. ती नुसती मान वळवते आणि दाराच्या वर बोट दाखवते.